परदेशात गृहकर्ज : पगाराची स्लिप नसेल तर फाईल कशी उभी करावी

हिशेबनीस

फ्रीलान्स काम, कॉन्ट्रॅक्ट, छोटा धंदा, कमिशनवरचं उत्पन्न आणि त्यात भर म्हणून व्हिसा. हे सगळं एकत्र आलं की बँकेत पहिल्याच भेटीत "जरा अवघड आहे" असं ऐकायला मिळतं आणि माणूस तिथेच हिरमुसतो. नियमांत पगाराची स्लिप नसलेले आणि व्हिसावरचे, या दोन्ही प्रकारच्या लोकांना जागा आहे. फक्त फाईल वेगळ्या रीतीने लावावी लागते आणि तयारी घरं बघायला लागायच्या दोन वर्षं आधीपासून करावी लागते. अमेरिकेबद्दल मी लिहितो, बाकी देशांतल्या जाणकारांनी भर घालावी.

बँकेसाठी तुमचं उत्पन्न म्हणजे खात्यात आलेले पैसे नव्हेत. टॅक्स रिटर्नवर खर्च वजा जाता जे उरलं, ते उत्पन्न. सीएने खर्च दाखवून टॅक्स वाचवला याचा एप्रिलमध्ये आनंद होतो, पण कर्जाच्या अर्जात तोच आकडा आडवा येतो.

फॅनी मे ही बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी अमेरिकेतली संस्था. तिच्या पद्धतीत एकट्याच्या धंद्याचा हिशेब असा होतो. शेड्यूल सीच्या (रिटर्नला जोडलेलं धंद्याच्या जमाखर्चाचं पान) ३१ व्या ओळीतला निव्वळ नफा घ्यायचा. त्यात कागदावरचे, म्हणजे खिशातून प्रत्यक्ष न गेलेले खर्च परत मिळवायचे : १३ व्या ओळीतला घसारा आणि ३० व्या ओळीतला घराच्या कामासाठीच्या वापराचा खर्च. मग दोन वर्षांची बेरीज भागिले २४.

उदाहरण घ्या. पहिल्या वर्षी नफा ४८,०००, घसारा ४,०००, घरवापर २,००० डॉलर. एकूण ५४,०००. दुसऱ्या वर्षी ६२,००० अधिक ५,००० अधिक ३,०००, म्हणजे ७०,०००. दोन्ही मिळून १,२४,०००, भागिले २४, महिन्याला साधारण ५,१६६ डॉलर. बँक हाच आकडा धरणार, मग गेल्या तीन महिन्यांत खात्यात कितीही आलेले असोत.

हेच आकडे उलट क्रमाने आले, म्हणजे आधी ७०,००० आणि मग ५४,०००, तर सरासरी मिळत नाही. घटतं उत्पन्न असेल तर अलीकडच्या वर्षाचाच आकडा धरतात : ५४,००० भागिले १२, महिन्याला ४,५००. शिवाय घट का झाली आणि आता थांबली आहे का, हे कागदानिशी पटवावं लागतं. त्यामुळे एखादं वर्ष मंदीचं गेलं असेल तर पुढचं रिटर्न भरेपर्यंत थांबणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं.

टिकली

फार गरजेचा धागा. एक विचारते. धंद्यासाठी कॅमेरा, लॅपटॉप अशा मोठ्या वस्तू घेतल्या तर नफा कमी दिसतो. मग कर्ज घ्यायच्या आधीच्या दोन वर्षांत अशी खरेदी टाळायची का?

हिशेबनीस

टाळायची गरज नाही टिकली, पण तो खर्च रिटर्नच्या कुठल्या ओळीत जातो याकडे लक्ष द्यायचं. घसाऱ्यात टाकला, अगदी सेक्शन १७९ खाली एकाच वर्षात पूर्ण वजावट घेतली, तरी तो १३ व्या ओळीत येतो आणि बँक परत मिळवते. पण २,५०० डॉलरपर्यंतच्या वस्तू थेट खर्चात टाकायची सवलत असते. तिच्या आधारे सीएने तोच लॅपटॉप 'सप्लाइज' किंवा 'इतर खर्च' या ओळीत दाखवला, तर तो परत मिळत नाही. टॅक्स तितकाच वाचतो, पण कर्जाची पात्रता घटते. रिटर्न भरायच्या आधी सीएला स्पष्ट सांगा की दोन वर्षांत गृहकर्ज घ्यायचं आहे. न सांगता त्याला कळायचा मार्ग नाही.

गाडीचंही तसंच. धंद्यासाठी गाडी चालवून मैलाप्रमाणे वजावट घेत असाल तर त्या दरातही घसारा दडलेला असतो. २०२४ साठी दर मैलाला ६७ सेंट होता, त्यातले ३० सेंट घसाऱ्याचे. १२,००० मैल झाले असतील तर ३,६०० डॉलर परत मिळतात, म्हणजे २४ महिन्यांच्या सरासरीत महिन्याला १५० डॉलरची भर. लोन ऑफिसरकडून ही गोष्ट बऱ्याचदा सुटते, कारण हा आकडा कुठल्याही ओळीत सरळ छापलेला नसतो. मैलांवरून काढावा लागतो. त्याने केलेली उत्पन्नाची आकडेमोड मागून घ्या आणि ओळीनिशी पडताळा.

जुनं रिटर्न दुरुस्त करून, खर्च कमी दाखवून अर्जाच्या तोंडावर उत्पन्न वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बँक ४५०६-सी फॉर्मवर सही घेऊन आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडून, थेट ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा अधिकृत उतारा) मागवते. दुरुस्ती तिथे तारखेसकट दिसते आणि अंडररायटर, म्हणजे फाईल तपासून निर्णय देणारा बँकेचा माणूस, लगेच सावध होतो.

चंद्रकोर

अर्जाच्या आधीचे हे बदल सगळ्यात जास्त नडतात, म्हणून लिहिते :

पगारी नोकरी सोडून त्याच कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर जाणं. हातात पैसे जास्त येतात, पण बँकेच्या लेखी तुम्ही नवे धंदेवाले. सर्वसाधारण अपेक्षा दोन वर्षांच्या इतिहासाची. १२ ते २४ महिन्यांचा असेल तरी विचार होतो, पण शेवटच्या रिटर्नमध्ये धंद्याचे पूर्ण १२ महिने दिसायला हवेत आणि त्याआधी त्याच क्षेत्रात तितकीच कमाई असायला हवी. घर घ्यायचं ठरलं असेल तर आधी घर, मग कॉन्ट्रॅक्ट.

धंद्याचं रूप बदलणं हेही तसंच. एकट्याच्या नावावरून एस-कॉर्पवर (जिचा नफा मालकाच्या रिटर्नवर येतो अशी कंपनी) गेलात की निम्मा इतिहास शेड्यूल सीवर आणि निम्मा के-१ वर, म्हणजे कंपनीतला तुमचा वाटा दाखवणाऱ्या कागदावर. काम तेच आहे हे पत्राने समजावता येतं, पण वेळ जातो. शिवाय एस-कॉर्पमध्ये के-१ वर नफा दिसला म्हणून तो धरतीलच असं नाही. तेवढे पैसे तुम्ही खरोखर काढून घेत आलात हे त्याच के-१ वरच्या वाटपाच्या आकड्यातून दिसावं लागतं. नाहीतर पैसे काढले तरी धंदा तग धरेल इतकी रोकड आहे हे दाखवावं लागतं.

आणि ज्यांचा धंदा पाच वर्षं जुना आहे आणि त्यातला त्यांचा हिस्सा सलग पाच वर्षं २५ टक्के किंवा जास्त आहे, त्यांनी एकाच वर्षाच्या रिटर्नवर काम होतं का हे जरूर विचारावं. शेवटचं वर्ष चांगलं असेल तर सरासरीपेक्षा कितीतरी फायद्याचं.

आडवाटेचा_प्रवासी

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही अजून. एच-१बीवर असताना बाजूला केलेल्या कामाचं उत्पन्न धरतात का?

चंद्रकोर

नाही, आणि ते अर्जात दाखवायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. एच-१बीवर फक्त व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या मालकाकडेच काम करता येतं. बाजूच्या कामाचं उत्पन्न दाखवणं म्हणजे परवानगीशिवाय काम केल्याची सहीनिशी कबुली. बँकेचा अर्ज आणि इमिग्रेशनची फाईल यांत एकमेकांशी विसंगत काहीही असू नये. एच-४ ईएडी, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावरचा कामाचा परवाना, असलेल्या जोडीदाराला मात्र स्वतःचा धंदा करायची मोकळीक आहे. ते उत्पन्न दोन वर्षांच्या रिटर्नसकट व्यवस्थित धरलं जातं.

दुसरं, जुन्या लेखांवर विसंबून एफएचए कर्जाच्या (सरकारी विम्याचं गृहकर्ज) मागे लागू नका. २५ मे २०२५ पासून एफएचए कर्ज फक्त नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि ठरावीक काही जणांना मिळतं. व्हिसावरच्या लोकांसाठी तो रस्ता बंद झाला. त्यांच्यासाठी उरतं ते कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा नसलेलं नेहमीचं कर्ज. तिथे कायदेशीर वास्तव्य आणि कामाची परवानगी दाखवली की नियम बाकीच्यांसारखेच. व्हिसाची मुदत थोडी उरली असेल तर बरेच लेंडर स्वतःच्या वेगळ्या अटी घालतात, मुदतवाढीच्या अर्जाची पावती किंवा मालकाचं पत्र मागतात. म्हणून पहिल्याच फोनवर तीन प्रश्न विचारा : माझ्या व्हिसावर कर्ज देता का, मुदत किती उरलेली लागते, आणि स्वयंरोजगाराच्या फायली तुमच्याकडे नेहमी होतात का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा लेंडर बघा.

हिशेबनीस

चंद्रकोर यांना अनुमोदन. रिटर्नवरचा नफा फारच कमी असेल तर बँक स्टेटमेंट कर्ज हा पर्याय आहे. १२ किंवा २४ महिन्यांची स्टेटमेंट्स बघून जमा रकमेवरून उत्पन्न ठरवतात. धंद्याच्या खात्यातली निम्मी जमा खर्चात जाते असं सहसा धरतात. प्रत्यक्ष खर्च कमी असेल तर सीएच्या पत्राने टक्केवारी खाली आणता येते. व्याजदर नेहमीच्या कर्जापेक्षा चढा आणि डाऊन पेमेंट जास्त. यात चेक परत गेल्याच्या आणि ओव्हरड्राफ्टच्या नोंदी बारकाईने मोजतात. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं एकच असेल तर मात्र फार त्रास होतो, कारण एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेली रक्कम आणि मित्राने परत केलेले पैसे एकेक करून जमेतून वगळतात. आजच दुसरं खातं उघडा.

पाऊसवेडा

ब्रिटनचं लिहितो. इथे एसए३०२ (रिटर्नवरून काढलेला टॅक्सचा हिशेब) आणि टॅक्स इयर ओव्हरव्ह्यू (टॅक्स खात्याकडचा त्या वर्षाचा गोषवारा) हे दोन कागद सगळ्यात महत्त्वाचे, सहसा दोन वर्षांचे. बहुतेक जण ३१ जानेवारीच्या मुदतीपर्यंत रिटर्न भरायचं लांबवतात. टॅक्सचं वर्ष ५ एप्रिलला संपतं आणि रिटर्न ६ एप्रिलपासून भरता येतं. वर्ष चांगलं गेलं असेल तर एप्रिल-मेमध्येच भरून टाका. ऑनलाईन भरलं की तीनेक दिवसांत नवा एसए३०२ काढता येतो आणि बँकेला ते वर्ष दाखवता येतं. टॅक्स भरायची मुदत त्याने अलीकडे येत नाही.

दिवसाच्या दराने कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्यांसाठी काही लेंडर रिटर्न बाजूला ठेवून दर गुणिले ५ दिवस गुणिले ४६ किंवा ४८ आठवडे असा हिशेब करतात. ४५० पौंड रोज असेल तर ४६ आठवड्यांनी १,०३,५०० पौंड. हे सगळीकडे होत नाही. ज्या ब्रोकरकडे कॉन्ट्रॅक्टर्सचं काम नेहमी असतं त्याच्याकडूनच जावं. लिमिटेड कंपनी असणाऱ्यांनी विचारायचा प्रश्न : तुम्ही पगार अधिक लाभांश धरता, की पगार अधिक कंपनीच्या नफ्यातला माझा हिस्सा? पैसे कंपनीतच ठेवायची सवय असेल तर दुसऱ्या पद्धतीने उत्पन्न बरंच जास्त भरतं.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट. भारतीय नागरिक हे कॉमनवेल्थ नागरिक असल्यामुळे वैध परवान्यावर इथे राहत असतील तर मतदार यादीत नाव नोंदवू शकतात. क्रेडिट तपासणीत पत्ता आणि ओळख जुळवायला ही यादी वापरतात. नोंदणीला काही पैसे पडत नाहीत. अर्जाच्या काही महिने आधी करून ठेवा आणि बँक, फोन, गाडीचा परवाना सगळीकडे पत्ता अक्षरशः एकसारखा ठेवा.

टिकली

पाऊसवेडा, भारतात वडिलोपार्जित घरात हिस्सा असेल तर ब्रिटनमध्ये 'पहिलं घर' धरतात का?

पाऊसवेडा

चांगला प्रश्न. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या स्टॅम्प ड्यूटीसाठी जगातली कुठलीही निवासी मालमत्ता मोजतात. तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तर नव्या घरावर ५ टक्के जादा ड्यूटी लागू शकते (३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ५ आहे, आधी ३ होता). लग्न झालेलं असेल तर जोडीदाराच्या नावावरचं घरही धरतात. शिवाय खरेदीच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान १८३ दिवस देशात राहिला नसाल तर अनिवासी म्हणून वेगळे २ टक्के. कर्ज मंजूर होऊनही व्यवहार अडतो तो इथे, कारण ही रक्कम कर्जात बसत नाही, स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. सॉलिसिटरला भारतातल्या हिश्श्याबद्दल पहिल्याच पत्रात कळवा.

हिमगौरी

कॅनडा. दोन वर्षांची टी१ रिटर्न्स (वैयक्तिक टॅक्स रिटर्न) टी२१२५ (धंद्याच्या उत्पन्नाचा फॉर्म) सकट आणि सीआरएची, म्हणजे टॅक्स खात्याची, नोटीस ऑफ असेसमेंट. नोटिशीवर टॅक्सची बाकी दिसत असेल तर ती आधी भरा आणि भरल्याचा पुरावा जोडा. बाकी असलेली फाईल पुढे सरकत नाही. बँकांकडे स्ट्रेस टेस्ट असते : तुमचा व्याजदर अधिक २ टक्के किंवा ५.२५ टक्के, यातला जो मोठा त्याने हप्ता परवडतो का ते पाहतात. ४.५ टक्क्यांचं कर्ज ६.५ ने तपासलं जातं. २० टक्क्यांपेक्षा कमी डाऊन पेमेंट असेल तर कर्जाचा विमा सक्तीचा, आणि विम्याच्या कर्जात घराचा खर्च उत्पन्नाच्या ३९ टक्क्यांत, सगळी कर्जं मिळून ४४ टक्क्यांत बसावी लागतात.

वर्क परमिटवाल्यांसाठी : परदेशी लोकांच्या घरखरेदीवर १ जानेवारी २०२७ पर्यंत बंदी लागू केलेली आहे, पण खरेदीच्या वेळी परमिटची १८३ दिवस किंवा जास्त मुदत शिल्लक असेल तर सूट मिळते. तारीख मोजून मगच ऑफर द्या. डाऊन पेमेंटच्या पैशांचा ९० दिवसांचा इतिहास मागतात.

दक्षिणवारा

ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावरच्यांनी आधी कायदा बघावा, कर्ज नंतर. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ परदेशी व्यक्तींना, त्यात तात्पुरते रहिवासीही आले, जुनं घर घेता येत नाही. मोजकेच अपवाद आहेत. नवीन बांधकामाला परवानगी घेऊन वाट आहे. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असलेल्यांना ही अडचण नाही. स्वयंरोजगाराला दोन वर्षांची रिटर्न्स आणि एटीओची, म्हणजे टॅक्स खात्याची, असेसमेंट नोटीस; ती नसतील तर लो-डॉक (कमी कागदांच्या) कर्जात बीएएस (धंद्याचं ठरावीक मुदतीचं टॅक्स विवरण) आणि अकाउंटंटचं पत्र चालतं, पण स्वतःचे पैसे जास्त घालावे लागतात. बँक तुमच्या दरात ३ टक्के मिळवून हप्ता तपासते.

आडवाटेचा_प्रवासी

अमेरिकेत डाऊन पेमेंटसाठी आईवडिलांनी भारतातून पैसे पाठवले तर काय काय लागतं?

चंद्रकोर

हा भाग सावकाश वाचा, यात सगळ्यात जास्त फायली अडकतात.

खरेदीच्या कर्जाला सहसा दोन महिन्यांची स्टेटमेंट्स लागतात. त्यात एखादी जमा तुमच्या धरलेल्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून मोठी असेल तर ती कुठून आली हे सिद्ध करावं लागतं. वरच्या उदाहरणातल्या ५,१६६ चे निम्मे २,५८३. फ्रीलान्सरला एकेका ग्राहकाचा चेकच त्याहून मोठा येतो. म्हणून अशा प्रत्येक जमेसमोर त्याचं इनव्हॉइस लावून ठेवा, क्रमांक आणि रक्कम सेंटपर्यंत जुळली पाहिजे. पेमेंट कंपनीने फी कापून रक्कम दिली असेल तर फीचा कागदही लावा, नाहीतर ३,००० चं इनव्हॉइस आणि २,९१२.७० ची जमा जुळत नाही म्हणून प्रश्न येतो.

आईवडिलांच्या पैशांसाठी गिफ्ट लेटर : रक्कम, नातं, त्यांचा पत्ता, आणि परतफेडीची अपेक्षा नाही हे वाक्य. त्यांच्या खात्यातून गेल्याचा आणि तुमच्या खात्यात आल्याचा पुरावा. पैसे डॉलरमध्ये आणि अमेरिकेतल्या बँकेत क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या, आधी पोचलेले हवेत. काका, मावशी, मित्र यांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी पाठवायचं टाळा. प्रत्येक तुकड्याला वेगळं पत्र आणि वेगळा माग लागतो.

भारतातून निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो टॅक्स, कापला जातो. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण त्या घडीला तेवढे रुपये हाताशी लागतात. तुमच्या बाजूने, परदेशातून मिळालेल्या भेटी वर्षात १,००,००० डॉलरच्या वर गेल्या तर आयआरएसचा ३५२० फॉर्म भरायचा. त्यावर टॅक्स नाही, पण न भरल्याचा दंड जबर आहे.

आणि भारतातल्या गृहकर्जाचा, शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असेल तर तो अर्जात लिहायचाच. अमेरिकन क्रेडिट रिपोर्टवर दिसत नाही म्हणून लपवणं हा गुन्हा आहे. शिवाय दरमहा भारतात जाणारी ठरावीक रक्कम स्टेटमेंटवर अंडररायटरला दिसतेच.

हिशेबनीस

नावाबद्दल भर घालतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर पूर्ण, बँकेत आद्याक्षर, टॅक्स रिटर्नवर गाळलेलं, लग्नानंतर आडनाव बदललेलं पण सोशल सिक्युरिटीत जुनंच. परिणाम असा होतो की क्रेडिट ब्युरोमध्ये एकाच माणसाच्या दोन अर्धवट फायली तयार होतात आणि आठ वर्षांचा इतिहास तीन वर्षांचा दिसतो. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन तिघांचे रिपोर्ट अर्जाच्या सहा महिने आधी काढा आणि नावाचे सगळे प्रकार एकत्र जोडून घ्या. क्रेडिट इतिहासच नसेल तर १२ महिन्यांचं भाडं, वीज, फोन वेळेवर भरल्याचे पुरावे काही लेंडर चालवून घेतात. भाडं रोखीने देऊ नका, खात्यातूनच जाऊ द्या.

टिकली

अर्ज नाकारला गेला तर?

चंद्रकोर

अमेरिकेत पूर्ण अर्जावर ३० दिवसांत लेखी निर्णय कळवावा लागतो आणि नाकारलं तर नेमकं कारण मागायचा हक्क आहे. तोंडी "व्हिसामुळे" असं सांगितलं तरी कागदावर बऱ्याचदा "उत्पन्न पडताळता आलं नाही" किंवा "कर्जाचं प्रमाण जास्त" असं असतं. कागदावरच्या कारणावर काम करा. पहिल्या कारणाला नवं ट्रान्सक्रिप्ट आणि चालू वर्षाचं नफातोटा पत्रक पुरतं. दुसऱ्याला गाडीचं कर्ज फेडणं किंवा जोडीदाराचं उत्पन्न घेणं. जोडीदाराच्या पगारावरच सगळं बसत असेल तर तुमचं धंद्याचं उत्पन्न धरायचंच नाही असं सांगता येतं. मग त्या धंद्याचे कागद तपासायचं बंधन लेंडरवर राहत नाही. तुम्ही सहअर्जदार असाल तर तुमची कर्जं मात्र धरली जातात.

दुसऱ्या लेंडरकडे जाताना क्रेडिट स्कोअरच्या सगळ्या चौकशा १४ दिवसांच्या आत करा, स्कोअरच्या हिशेबात त्या एकच धरल्या जातात.

आडवाटेचा_प्रवासी

शेवटचं एक. भारतातला स्वतःच्या नावावरचा फ्लॅट विकून डाऊन पेमेंट उभं करायचं असेल तर किती आधी सुरुवात करावी?

हिशेबनीस

वर्षभर आधी. एनआरआय विकतो तेव्हा खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो, आणि कमी दराने कापायचं आयकर खात्याचं प्रमाणपत्र आधी घेतलं नसेल तर तो बऱ्याचदा नफ्याऐवजी पूर्ण किमतीवर कापला जातो. ते पैसे परताव्यापर्यंत अडकतात. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज साठेखत झालं की लगेच करा. विक्रीचे पैसे एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) येतात. तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, सीएचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेतला अंडररायटर विक्रीचा पुरावा मागतो. आपलं खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) मराठीत असतं. त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यासह आणि रकमा आकड्यांत लिहून, आधीच करून ठेवा. खरेदीखतातली रक्कम, एनआरओतली जमा आणि टीडीएसचा कागद हे तिन्ही आकडे एका पानावर बेरीज-वजाबाकी करून जोडले, तर फाईल सहसा परत येत नाही.